वाचकांचे प्रश्न : पॅनेल थंड ठेवायला कॉम्प्रेस्ड हवा

उन्हाळ्यात पॅनेलमधला (विजेच्या नियंत्रण पेटीतला) ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण, तापून ट्रिप होण्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. या वेळी त्यांच्यासोबत व्होर्टेक्स कूलरबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. हा कूलर कॉम्प्रेसरच्या लाईनवर चालतो, पॅनेलच्या डोक्यावर बसतो आणि त्याच्या नळीत एकही हलता भाग नसतो. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत सँड प्लँटजवळ एक पॅनेल आहे. उंची १,८०० मिमी, रुंदी ८००, खोली ५००, चारही बाजूंनी मोकळे. आत २२ किलोवॅटचा ड्राइव्ह. मे महिन्यात दुपारी तो ‘ओव्हर टेंपरेचर’ दाखवून बंद पडतो. पंख्याचे फिल्टर आठवड्यात वाळूच्या धुळीने गच्च होतात. पुरवठादार २,८०० बीटीयूचा व्होर्टेक्स कूलर घ्या म्हणतो. एकाने भागेल का?
— मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन, शिरोली एमआयडीसी

उत्तर : पॅनेल आहे तसेच ठेवले तर एकाने भागणार नाही. का ते आकड्यांतच पाहू.

आधी आतली उष्णता. ड्राइव्ह आपल्या क्षमतेच्या साधारण ३ टक्के शक्ती उष्णता म्हणून बाहेर टाकतो, म्हणजे तुमचा ड्राइव्ह सुमारे ६६० वॅट. (पुस्तिकेत लॉसचा तक्ता असेल तर तोच आकडा धरा.) कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, एसएमपीएस (डीसी वीजपुरवठा), कॉन्टॅक्टर मिळून १२० वॅट धरू. आतले ७८० वॅट झाले.

आता पत्र्यातून येणारी. शेडमध्ये ४५ अंश आणि आत ३८ हवे असतील, तर पत्रा आतली उष्णता बाहेर काढत नाही, उलट बाहेरची आत घेतो. मोकळ्या उभ्या पॅनेलचे परिणामकारक क्षेत्रफळ असे काढतात : १.८ × उंची × (रुंदी + खोली) + १.४ × रुंदी × खोली. मापे मीटरमध्ये घातली की तुमचे ४.७७ चौरस मीटर येते. पोलादी पत्र्यासाठी दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला ५.५ वॅट धरतात. ७ अंश फरकाला १८४ वॅट. एकूण भार ९६४ वॅट.

२,८०० बीटीयू प्रति तास म्हणजे ८२० वॅट. म्हणजे कागदावरच तो कमी पडला. पण खरी अडचण याच्या पुढे आहे. कॅटलॉगमधला आकडा २०-२५ अंशांच्या कॉम्प्रेस्ड हवेसाठी असतो. व्होर्टेक्स नळी हवेला ठरावीक तापमानावर आणून सोडत नाही, ती येणाऱ्या हवेच्या तापमानातून काही अंश वजा करते. ७ बारला नेहमीच्या सेटिंगवर ही वजाबाकी ३५ ते ३८ अंशांची असते. पत्र्याच्या छपराखालून आलेली तुमची लाईन ४५ अंशांवर असेल, तर कूलरमधून ७-८ अंशांची हवा येईल. ३८ अंशांच्या पॅनेलमध्ये या ४० सीएफएमच्या (मिनिटाला ४० घनफूट हवा घेणाऱ्या) कूलरला मग जेमतेम ५०० वॅट उचलता येतील. हवा ३५ अंशांची असेल तर सुमारे ६७० वॅट, २५ अंशांची असेल तर ८०० च्या आसपास. म्हणून कूलर निवडण्याआधी लाईनवर थर्मामीटर लावा आणि दुपारी ३ वाजता वाचन घ्या. सकाळचे वाचन उपयोगाचे नाही.

दोन कूलर लावले तर भार उचलला जाईल, पण ८० सीएफएम हवा म्हणजे कॉम्प्रेसरवर सुमारे १५ किलोवॅट. पाऊण ते एक किलोवॅट उष्णता काढायला १५ किलोवॅट जाळणे आम्हाला पटत नाही. आधी उष्णता कमी करा. तुमच्या क्षमतेच्या बऱ्याच ड्राइव्हना फ्लँज किट मिळते. त्याने ड्राइव्हचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पॅनेलच्या पाठीमागून बाहेर काढता येतो आणि ड्राइव्हची साधारण ७० टक्के उष्णता बाहेरच राहते. मग आत ड्राइव्हचे २००, इतर १२० आणि पत्र्यातून १८४, म्हणजे सुमारे ५०० वॅट उरतात. कॉम्प्रेस्ड हवेचा फाटा ड्रायरनंतरच्या (ड्रायर म्हणजे हवेतले पाणी काढणारे यंत्र), सावलीतल्या हेडरवरून, म्हणजे मुख्य पाईपवरून घेऊन ती ३५ अंशांवर आणली, तर एक कूलर पुरतो आणि हाताशी थोडी जागाही राहते. बाहेर आलेल्या हीटसिंकच्या फटी मात्र दर आठवड्याला साफ कराव्या लागतील. ते काम टाळले तर आजचीच तक्रार पुन्हा येईल.

आणखी एक. बऱ्याच ड्राइव्हना ४० अंशांपर्यंत पूर्ण करंट मिळतो आणि पुढे दर अंशाला सुमारे १ टक्का कपात असते. तुमची मोटर पूर्ण भारावर चालत नसेल तर आत ४२ अंशही चालतील. मोटरचा करंट मोजून बघा, कदाचित अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

प्रश्न : कूलर विकत घेण्याऐवजी कॉम्प्रेसरची ८ मिमी नळी थेट पॅनेलमध्ये सोडली तर? हवा हाताला गार लागते.
— आयटीआय प्रशिक्षणार्थी, सातारा

उत्तर : तसे करू नका. नुसत्या छिद्रातून ७ बारची हवा बाहेर पडून स्थिरावली की तिचे तापमान जेमतेम दीड-दोन अंशांनी उतरते. हाताला गार लागते ते वेगाने वाहणाऱ्या हवेने त्वचेवरचा घाम उडतो म्हणून, आणि सर्किटला घाम येत नाही. शिवाय लाईनमधले तेल, पाणी आणि गंज थेट टर्मिनलवर बसतो. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर दाराची गॅस्केट फुगून निसटते. थोडा थंडावा जाणवला तरी तो आतली गरम हवा बदलल्याचा असतो. तेवढे काम पंखा शंभर वॅटच्या आत करतो.

प्रश्न : कूलरच्या गरम टोकाचा स्क्रू फिरवत गेल्यावर गार टोकाची हवा उणे तापमानाला गेली, पण पॅनेल आधीपेक्षा जास्त तापले. हे कसे?
— टूलरूम, अंबड (नाशिक)

उत्तर : तुम्ही हवा गार केलीत, पण तिचे प्रमाण घटवलेत.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज रँक यांनी १९३० च्या दशकात ही नळी दाखवली आणि १९४७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ हिल्श यांच्या लेखामुळे ती सर्वदूर पोचली. हवा आत स्पर्शरेषेत शिरते आणि प्रचंड वेगाने फिरत गरम टोकाकडे जाते. तिथल्या झडपेतून थोडी हवा गरम होऊन बाहेर पडते. उरलेली आतल्या भोवऱ्यातून उलटी फिरते, बाहेरच्या भोवऱ्याला ऊर्जा देऊन गार होते आणि दुसऱ्या टोकाने निघते. एकूण हवेपैकी किती टक्के गार टोकाने निघावी, हे तुमचा स्क्रू ठरवतो.

७ बारला फक्त २० टक्के हवा गार टोकाने काढली तर ती येणाऱ्या हवेपेक्षा ६५ अंशांहून जास्त उतरते. ६० टक्के काढली तर सुमारे ४७, ८० टक्के काढली तर ३० च्या आसपास. पॅनेलला लागतो तो हवेच्या प्रमाणाचा आणि उताराचा गुणाकार : ०.२ × ६५ म्हणजे १३, ०.६ × ४७ म्हणजे २८, ०.८ × ३० म्हणजे २४. त्यामुळे पॅनेलसाठी ६० ते ८० टक्क्यांचीच पट्टी योग्य. पॅनेलसाठी बनवलेले कूलर कारखान्यातून याच पट्टीत लावून येतात आणि अनेकांचा स्क्रू त्यासाठीच सीलबंद असतो. तुमचा स्क्रू मोकळा असेल तर लाईनच्या हवेचे आणि गार टोकाचे तापमान एकाच वेळी मोजत, फरक ३५ अंशांच्या आसपास येईल तिथे थांबवा आणि लॉकनट आवळा.

प्रश्न : पावसाळ्यात कूलर सुरू केला की वीसेक मिनिटांत गार हवा मंदावते आणि टोकाला पांढरा बर्फ दिसतो. बंद ठेवून पुन्हा सुरू केला की चालतो. खालच्या टर्मिनलवर पाण्याचे थेंब पडतात. पिस्टन कॉम्प्रेसर आहे, ड्रायर नाही.
— रासायनिक कारखाना, लोटे परशुराम

उत्तर : ड्रायर नाही, हेच कारण.

रिसीव्हरमधली हवा ३५ अंशांवर बाष्पाने संपृक्त असते. ७ बारवरून ती वातावरणाच्या दाबाला आली की तिचा दवबिंदू (बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान) सुमारे २ अंशांवर येतो. तुमच्या कूलरची गार हवा मात्र उणे दोन-तीन अंशांवर असते. म्हणजे बाष्प नळीच्या गार टोकातच गोठते आणि वाट बुजते. ४० सीएफएमचा कूलर ताशी ६८ घनमीटर हवा घेतो. अशा हवेबरोबर ताशी ३०० ग्रॅमहून जास्त पाणी बाष्परूपात येते आणि लाईनमध्ये साठलेले पाणी वेगळेच.

रेफ्रिजरेशन ड्रायर लावा. तो दाबाखालचा दवबिंदू ३ अंशांवर आणतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे २० अंशांच्याही खाली जातो, म्हणून कूलरमध्ये गोठायला काही उरत नाही. पॅनेलपुरता डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर लागत नाही. मात्र रेफ्रिजरेशन ड्रायर निवडताना कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यातली हवा धरा. कॅटलॉगची क्षमता ठरावीक तापमानाची असते आणि गरम हवा आत आली की ती बरीच घटते.

ड्रायरनंतर, कूलरच्या आधी ५ मायक्रॉनचा ऑटो-ड्रेन फिल्टर आणि त्यापुढे तेल अडवणारा कोअलेसिंग फिल्टर, याच क्रमाने. पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेतून तेलाचे धुके येतेच. ते ड्राइव्हच्या कार्डवर बसले की धूळ चिकटते, आणि कार्ड धुवून ती निघत नाही.

लोट्यासारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो ते बघा. आम्लाच्या टाकीच्या वाऱ्याच्या दिशेला इनटेक असेल, तर तेच बाष्प तुम्ही दाबून पॅनेलमध्ये भरत आहात. तांब्याचे बसबार हिरवट-काळे पडू लागले असतील तर आधी इनटेक हलवा.

कोरडी हवा देऊनही थेंब दिसले तर संशय दाराच्या गॅस्केटवर घ्या. दमट हवा आत शिरून गार भागावर पाणी धरते. म्हणूनच पॅनेल ३५ अंशांच्या खाली नेऊ नका. २५ अंशांचे पॅनेल श्रावणात दार उघडताक्षणी घामेजते.

प्रश्न : आमच्याकडे ८ पॅनेलवर ४० सीएफएमचे कूलर आहेत, थर्मोस्टॅटशिवाय, चोवीस तास चालू. वीजबिलावर किती बोजा पडत असेल?
— प्लँट इंजिनिअर, चाकण

उत्तर : ७ बारची १०० सीएफएम हवा तयार करायला साधारण १८-१९ किलोवॅट लागतात. तुमचे कूलर ३२० सीएफएम घेतात, म्हणजे सुमारे ६० किलोवॅट. महिन्याच्या ७२० तासांत ४३,२०० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर ३,८८,८०० रुपये महिना. तेवढीच उष्णता काढणारा पॅनेल एसी प्रत्येकी ४५० वॅट घेतो असे धरले, तर आठ एसींचा खर्च महिन्याला २३,३२८ रुपये येतो. ही तफावत कोणत्याही युक्तीने पुसता येत नाही. कॉम्प्रेस्ड हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग ऊर्जा आहे.

उद्याच करण्याजोगे काम म्हणजे थर्मोस्टॅट आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघड-बंद होणारी झडप). सेटिंग ३५ ते ३८ अंश. थर्मोस्टॅट पॅनेलच्या वरच्या भागात लावा, पण गार हवेच्या झोतात नको आणि ड्राइव्हच्या डोक्यावरही नको, नाहीतर तो खोटे वाचन देईल. रात्री आणि हिवाळ्यात कूलर बराच काळ बंद राहतील. त्यातली बचत बिलात दिसायची असेल तर कॉम्प्रेसरवरचा भारही उतरला पाहिजे. साधा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड झाल्यावरही (हवा न दाबता नुसता फिरतानाही) पूर्ण शक्तीच्या पाव ते एक तृतीयांश वीज ओढतो. हवेची मागणी कायम कमी झाली, तर एक मशीन पूर्ण बंद ठेवा किंवा व्हेरिएबल स्पीड मशीनवर जा.

नंतर आठही पॅनेल एकेक करून तपासा. स्वच्छ जागेत आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा १० अंशांनी गार असेल तिथे पंखा-फिल्टर पुरतो. लागणारी हवा घनमीटर प्रति तासात = ३.१ × वॅट ÷ तापमानातील फरक. ५०० वॅट आणि १० अंशांना १५५ घनमीटर. थोडी धूळ असेल तर हवा-हवा हीट एक्स्चेंजर. बाहेर आतल्यापेक्षा जास्त गरम असेल पण धूळ मर्यादित असेल, तर पॅनेल एसी. व्होर्टेक्स तिथेच ठेवा जिथे एसी टिकत नाही : कटिंग ऑइलचे धुके, कंडेन्सर दोन दिवसांत बुजवणारी धूळ, ५५ अंशांच्या वरची जागा, सतत हादरे, किंवा एसी मावणारच नाही असा छोटा बॉक्स. अशा जागी तो खरोखर मोलाचा आहे, आणि तिथे आम्ही त्याचीच शिफारस करू.

प्रश्न : कूलर आम्हीच बसवला तर चालेल का? कशाची काळजी घ्यावी?
— वर्कशॉप सुपरवायझर, कुंडई (गोवा)

उत्तर : चालेल. मेन बंद करून लॉक-टॅग (कुलूप आणि सूचनेची चिठ्ठी) लावा, ड्राइव्हचा डीसी बस (आत साठलेला व्होल्टेज) उतरेपर्यंत पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा आणि मीटरने खात्री करा.

छिद्र पॅनेलच्या छतावर किंवा बाजूला वरच्या भागात, कूलरसोबतच्या कागदावर दिलेल्या मापाचेच. आतले सामान प्लास्टिकने झाका, होलसॉच्या दातांना ग्रीस लावा म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, आणि शेवटी व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. ब्लोअर नको, कारण तो कीस कॉन्टॅक्टरमध्ये ढकलतो. कूलर उभाच बसवा आणि गॅस्केट सपाट बसली आहे ना ते बघा. कूलरचे आयपी किंवा नेमा रेटिंग (धूळ-पाणी अडवण्याची प्रत) पॅनेलच्या रेटिंगपेक्षा कमी असेल, तर आयपी ६५ चे पॅनेल तुम्ही स्वतःच आयपी ५४ करून ठेवाल.

जुने पंखे आणि लुव्हर (हवेच्या जाळ्या) काढून पत्र्याने व गॅस्केटने बंद करा. हे राहून गेले तर दमडीचा फायदा होत नाही. न वापरलेल्या ग्लँडच्या (केबल आत घेण्याच्या) जागीही प्लग हवेत. आतली गरम हवा बाहेर पडायची वाट बहुतेक कूलरमध्येच असते. नसेल तर एकदिशा व्हेंट लावा. आत थोडा धन दाब (बाहेरपेक्षा जास्त दाब) राहतो आणि त्यामुळे फटीतून धूळ शिरत नाही. या पद्धतीचा हा मोठा गुण आहे.

गार हवा छिद्रे पाडलेल्या लवचिक नळीतून पॅनेलच्या तळाशी सोडा, पीएलसीच्या किंवा कुठल्याही कार्डच्या तोंडावर नको. गार हवा खालून भरत वर सरकली तर गरम हवा आपोआप बाहेर ढकलली जाते.

सर्वांत जास्त चुका पाईपमध्ये होतात. ४० सीएफएमला ८ मिमीची पीयू ट्यूब लावतात आणि हेडरवरच्या गेजला ७ बार बघून समाधान मानतात. अर्ध्या इंचाची लाईन घ्या, बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर आणि सोलेनॉइड त्याच मापाचे घ्या, आणि गेज कूलरच्या तोंडाशी लावून हवा वाहत असताना वाचा. वाहताना दाब ७ वरून ५ बारवर आला तर हवेचे प्रमाण तीन चतुर्थांशावर येते, उतारही घटतो आणि क्षमता साठ-पासष्ट टक्क्यांवर बसते.

बसवल्या दिवशी तीन आकडे दाराच्या आत लिहून ठेवा : कूलरच्या तोंडाशी वाहता दाब, येणाऱ्या हवेचे तापमान, गार टोकाचे तापमान. पुढे पॅनेल तापू लागले की हेच आकडे पुन्हा घ्या. दाब घसरला असेल तर फिल्टरचा एलिमेंट किंवा सोलेनॉइड बघा. दाब तोच पण दोन तापमानांतला फरक २५ च्या खाली, तर नळीतला जनरेटर (हवेला भोवऱ्यात फिरवणारा भाग) घाणीने बुजला आहे किंवा स्क्रू हलला आहे. नळी उघडा, जनरेटर साफ करा. दोन्ही ठीक असूनही पॅनेल गरम असेल तर भार वाढला आहे किंवा कुठेतरी झाकण उघडे आहे. आवाज जास्त असेल तर गार आणि गरम दोन्ही टोकांना मफलर मिळतात.

प्रश्न : साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, इथेनॉलच्या भागात एक कंट्रोल पॅनेल आहे. व्होर्टेक्स कूलरने आत धन दाब राहतो, मग त्याला पर्ज पॅनेल (ज्वालाग्राही वाफ शिरू नये म्हणून हवेच्या दाबाखाली ठेवलेले पॅनेल) समजता येईल का?
— इन्स्ट्रुमेंट विभाग, सोलापूर जिल्हा

उत्तर : नाही, आणि या बाबतीत जराही सवलत घेऊ नका. थर्मोस्टॅटने सोलेनॉइड बंद केला की आतला दाब जातो आणि अल्कोहोलची वाफ आत शिरू शकते. सतत चालू ठेवला तरी ते पुरेसे नाही. दाबयुक्त आवरणाचे निकष आयएस/आयईसी ६००७९-२ मध्ये आहेत. त्यानुसार वीज देण्याआधी ठरावीक प्रमाणात हवा फिरवून आतली वाफ काढावी लागते, आतला दाब सतत मोजावा लागतो, आणि तो गेला की झोननुसार (जागेच्या धोक्याच्या वर्गानुसार) अलार्म द्यावा लागतो किंवा वीज तोडावी लागते. हे काम प्रमाणित पर्ज कंट्रोलर करतो, कूलर नाही. धोकादायक क्षेत्रासाठी प्रमाणित व्होर्टेक्स कूलर मिळतात, पण ते पर्ज यंत्रणेसोबत आणि त्याच झोन व गॅस ग्रुपसाठी असले पाहिजेत. सोलेनॉइड आणि थर्मोस्टॅटही त्याच प्रमाणपत्राचे हवेत. प्रमाणित पॅनेलच्या पत्र्याला स्वतः छिद्र पाडले तर त्याचे प्रमाणपत्रच रद्द होते.

जमत असेल तर पॅनेल त्या क्षेत्राबाहेरच्या एमसीसी (मोटर कंट्रोल सेंटर) खोलीत हलवा आणि फक्त सेन्सर आत ठेवा. ते जमत नसेल तर बदलाचा आराखडा आधी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यापुढे ठेवा, आणि पेसोच्या (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या) परवान्यातल्या मंजूर नकाशात हे पॅनेल दाखवलेले असेल तर सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत हवेची लाईन जोडू नका.